कंदिलाची काच कोणी फोडली?

गेल्या वेळी आपण जात्याची गोष्ट ऐकली. या वेळी उजेडाची ऐकायची आहे. उजेड कसा चालतो, कशातून पार जातो, कशावर अडतो, ही ती गोष्ट. ती सांगायचं ठरलं एका कंदिलामुळे.

झालं असं, की आमच्या गटाची बैठक ज्या घरी होते, तिथला माळा दिवाळीआधी साफ करायला घेतला. पोत्यांच्या मागे एक कंदील सापडला. गंजलेला, काच नसलेला. टाकीवरची अक्षरं झिजलेली, पण 'प्रभाकर' एवढं वाचता येत होतं. त्या घरातल्या आजींनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "याची काच म्या फोडली होती. लग्न होऊन चार महिने झाले होते." मग त्यांनी सगळं सांगितलं. जेवणं झाली होती, कंदील पेटलेला होता, काचेवर काळं धरलं म्हणून त्यांनी ओल्या फडक्यानं पुसायला घेतलं. काच 'टच्च' करून तडकली. सासूनं हात उगारला. दिरानं नवी काच आणायला पुढचा बाजार येईपर्यंत वाट पाहिली, आणि तोवर रोज संध्याकाळी घरात एकच बोलणं: नव्या सुनेच्या हातात नीट काही राहत नाही. आजींचं वय आज ऐंशीच्या पुढे आहे. तरी "म्या फोडली" असंच त्या म्हणत होत्या.

आम्ही घरी परतलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मग आम्ही वाचायला बसलो, विचारायला बसलो. विज्ञानाच्या शिक्षिकेकडे गेलो, पुस्तकं आणली. जे सापडलं ते तुम्हाला सांगतो.

आधी उजेडाचं चालणं बघू. आपल्याकडची जुनी माळवदाची घरं तुम्हाला आठवत असतील. जाड मातीच्या भिंती, खिडक्या नावाला, आणि वर माळवदाला धुरासाठी-उजेडासाठी ठेवलेलं भोक. त्याला साणं म्हणतात. दुपारी त्या साण्यातून उन्हाचा एक सरळ पट्टा खाली यायचा. चुलीचा धूर त्यात शिरला की तो पट्टा काठीसारखा ठळक दिसायचा. तो वाकत नाही, भांड्याला वळसा घालत नाही. उजेड सरळ चालतो हे आपण सगळ्यांनी लहानपणीच पाहिलंय, फक्त कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नाही.

हे विचारलं होतं एका माणसानं, हजार वर्षांपूर्वी. त्याचं नाव इब्न अल-हैथम. इराकमधल्या बसऱ्यात जन्मलेला, पुढे इजिप्तमध्ये कैरोला राहिलेला. त्या काळी पुष्कळ मोठे मोठे लोक मानत, की डोळ्यातूनच किरण निघतात आणि वस्तूला जाऊन लागतात, म्हणून आपल्याला दिसतं. त्यानं अंधाऱ्या खोलीचा आधार घेतला. खोलीला एक भोक, बाहेर ओळीनं दिवे. आत भिंतीवर प्रत्येक दिव्याचा वेगळा ठिपका पडला. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका गेला, बाकीचे जागच्या जागी. म्हणजे उजेड दिव्यातून निघतो, सरळ येतो, आणि वाटेत दुसऱ्या उजेडाशी भांडत नाही. वस्तूवरून परतून तो आपल्या डोळ्यात शिरतो, तेव्हा वस्तू दिसते. आपलं साणं आणि त्याची खोली एकच.

उजेडाला चालायला वेळ लागतो, हे कळायला मात्र १६७६ साल उजाडलं. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या रोमर नावाच्या डॅनिश माणसानं गुरूच्या चंद्राकडे बघून ते ओळखलं. पुढे नीट मोजलं गेलं, तेव्हा वेग निघाला सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. सूर्यापासून आपल्या अंगणापर्यंत यायला उजेडाला आठ मिनिटं आणि वर वीसेक सेकंद लागतात. आपण दळण घेऊन गिरणीत नंबर लावतो त्याहून कमीच.

पण पाण्यात आणि काचेत शिरला, की हाच उजेड मंदावतो. काचेत सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर. मंदावताना तिरका शिरला तर वाकतो. म्हणूनच बादलीत घातलेली काठी मोडल्यासारखी दिसते. आणि म्हणूनच वरून बघताना विहिरीचं, शेततळ्याचं पाणी उथळ वाटतं. आठ हात खोल पाणी सहा हातच दिसतं. हे गंमत म्हणून सांगत नाही. शेततळ्यात बुडालेल्या पोरांच्या बातम्या आपण ऐकतो. काठावरून तळ दिसतोय म्हणून पोरगं उतरतं. तळ दिसतो, पण दिसतो तिथे तो नसतो. घरी जाऊन लेकरांना एवढं नक्की सांगा.

आता कंदील. कंदिलात काच कशाला? वारा अडवायला, असं कुणीही सांगेल, आणि ते खरंच आहे. पण तेवढंच नाही. १७८०च्या सुमाराला आर्गां नावाच्या एका माणसानं दिव्याच्या ज्योतीभोवती काचेचं नळकांडं बसवलं, तेव्हा ज्योत नुसती स्थिर झाली नाही, ती जास्त उजळली. कारण आतली हवा तापून वर निघते आणि खालून ताजी हवा ओढली जाते. चुलीत फुंकणीनं आपण जे करतो, ते काच आपोआप करते. कंदिलाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या काही फक्त धरायला नसतात. त्यांतूनही हवा खाली ज्योतीकडे जाते.

आता एक गोष्ट ऐका, ती आम्हाला फार आवडली. रॉकेलच्या ज्योतीचा पिवळा उजेड येतो कुठून? ज्योतीत तेल जळताना काजळीचे बारीक बारीक कण तयार होतात. ते तापून लाल-पिवळे होतात आणि निखाऱ्यासारखे प्रकाशतात. पुरेशी हवा मिळाली की ते वर जाईपर्यंत जळून जातात. हवा कमी पडली, वात वाकडी कातरली, ज्योत एका बाजूला गेली, की हे कण जळत नाहीत. ते काचेवर जाऊन बसतात. आणि तिथे बसलेली काजळी उजेड गिळायला लागते. ज्योतीत असते तेव्हा उजेड देते, काचेवर बसली की उजेड खाते. लेकराच्या डोळ्यात घालायला आपण जे काजळ धरायचो, तेही हेच.

उजेड एखाद्या वस्तूवर पडला की तीन गोष्टी होऊ शकतात. तो पार जाईल, परत फिरेल, किंवा त्या वस्तूत जिरेल. बहुतेक वेळा तिन्ही थोडं थोडं होतं. स्वच्छ काचेतून बराचसा पार जातो, तरी दोन्ही बाजूंनी मिळून शंभरात आठेक हिस्से परत फिरतात. म्हणून रात्री खिडकीच्या काचेत आपलं तोंड दिसतं. खडीसाखर बघा, आरपार दिसते. तीच कुटली की पांढरीफेक. साखर तीच, पण पिठात हजारो बारीक कडा झाल्या आणि प्रत्येक कडेवर उजेड इकडे तिकडे वळला, म्हणून आरपार दिसेना. भज्यांचा कागद तेलकट झाला की पलीकडचं दिसायला लागतं, ते उलट कारणानं. कागदातल्या फटी तेलानं भरतात, उजेडाची वळणं कमी होतात.

चुलीची न दिसणारी धग मात्र काच सहजी पार जाऊ देत नाही. ती काचेत जिरते आणि काच तापते. कंदिलाची काच हात भाजेल एवढी तापते, ती यामुळे आणि आतल्या गरम हवेमुळे. हे लक्षात ठेवा, आजींच्या काचेकडे आपल्याला परत यायचं आहे.

ही काच आपल्याकडे आली कुठून? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दिव्यांच्या काचा, बांगड्या, बरण्या यातलं पुष्कळसं ऑस्ट्रिया-जर्मनीकडून बोटीनं यायचं. आपल्याकडे काच वितळवणारे कारागीर होते, पण पातळ, स्वच्छ, एकसारखी चिमणीची काच करायची विद्या आणि भट्टी नव्हती. मग अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी एक खटाटोप सुरू केला. गावोगाव हिंडून माणशी एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी धंदा उभा करायचा. याचं नाव पैसा फंड. लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं. या पैशातून १९०८ साली पुण्याजवळ तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. परदेशात काचेचं शिक्षण घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे शिकवायला होते. नुसती काच बनवणं एवढाच त्याचा हेतू नव्हता, काच बनवणारी माणसं तयार करायची होती. तिथे शिकलेले लोक पुढे देशभर गेले.

आम्ही हे वाचलं तेव्हा सगळ्याजणी एकमेकींकडे बघून हसलो. महिन्याला पन्नास पन्नास रुपये टाकून आपण गट चालवतो, तेव्हा घरचे म्हणतात, बायांच्या चिल्लरनं काय होतंय. चिल्लरनं कारखाना झाला होता. अर्थात त्या फंडाच्या हकिगतीत बाया फारशा दिसत नाहीत. त्यांनी पैसा दिला असेल तर तो घरातल्या कारभाऱ्याच्या नावानंच लिहिला गेला असणार, असं आम्हाला वाटतं.

मग १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं. बोटी थांबल्या, परदेशी काच यायची बंद झाली, आणि इथल्या कारखान्यांना जागा मिळाली. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. रेल्वे स्टेशनाशेजारचं ते ठिकाण पुढे ओगलेवाडी म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. आधी काचसामान, मग पुढे पत्र्याच्या टाकीसकट अख्खा कंदील तिथे तयार व्हायला लागला. तोच हा प्रभाकर कंदील. ओगल्यांच्या वडिलांचं नाव प्रभाकर, आणि प्रभाकर म्हणजे सूर्यही. आपल्या परभणीचं जुनं नाव प्रभावतीनगरी सांगतात, त्यातही प्रभा आहेच. तेव्हा हा कंदील आपल्या घरचाच म्हणायचा.

काच होते वाळूची. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवायचा. पण कुठलीही वाळू चालत नाही. आमच्यातल्या एकीनं विचारलं, मग आपल्या गोदावरीच्या वाळूची काच का नाही केली? एवढी वाळू रात्रंदिवस ट्रॅक्टर उपसतात! तर आपली वाळू काळ्या दगडाची, तिच्यात लोखंडाचा अंश. लोखंड थोडं जरी असलं तरी काचेला हिरवट झाक येते, कारण ते उजेडातला तांबडा भाग गिळतं. बाटलीच्या तळाकडे कडेनं बघितलं की ती हिरवी झाक दिसते. स्वच्छ काचेला पांढरी, जवळजवळ नुसत्या गारेची वाळू लागते. तशी कोकणात सिंधुदुर्गाकडे सापडते.

रंगीत काचेची एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातलीच आहे. पूर्णा जंक्शन आपल्याला माहीत आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी ही रेल्वे निजामाच्या राज्यात आली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. तेव्हा सिग्नलला विजेचे दिवे नव्हते. संध्याकाळी माणूस शिडीवर चढून सिग्नलच्या खांबावर रॉकेलचा दिवा ठेवायचा, आणि त्याच्यापुढे रंगीत काच असायची. लाल काचेचं सोपं. ती लाल सोडून बाकीचा उजेड गिळते. पण हिरव्याला अडचण होती. रॉकेलची ज्योत पिवळी, तिच्यात निळा भाग फार कमी. त्यामुळे त्या काळच्या 'हिरव्या' सिग्नलची काच दिवसा हातात घेतली तर चांगली निळसर दिसायची. पिवळ्या ज्योतीपुढे धरली की हिरवी. काच रंग घालत नाही, बायांनो, ती काढून घेते. साडीच्या दुकानात ट्यूबलाइटखाली घेतलेला पोपटी रंग घरी उन्हात वेगळाच निघतो, त्यात दुकानदाराची लबाडी दर वेळी असतेच असं नाही.

पण काच आणि कंदील घरात आला म्हणजे उजेड सगळ्यांना मिळाला का? आम्ही गटातल्या म्हाताऱ्या बायांना विचारलं, तुमच्या घरी कंदील किती होते? बहुतेकींचं उत्तर एक. तो एक कंदील कुठे असायचा? ओसरीवर, माणसं बसलेली असायची तिथे. नाहीतर गोठ्यात, नाहीतर रात्री पाणी धरायला शेतात. स्वयंपाकाला काय? चिमणी. म्हणजे पत्र्याच्या डबीला नाहीतर औषधाच्या बाटलीला भोक पाडून घातलेली वात. तिला ना काच, ना नळ्या. धुराचा सोट वर, कोनाडा काळा, नाकात काजळी. कलंडली तर पदर पेटणार. आमच्या गावात अशा चिमणीनं भाजलेल्या दोघीजणी आहेत.

आणि उजेडाचा हिशेब तर फारच कडक आहे. दिव्यापासून एका हातावर जेवढा उजेड, त्याच्या चौथा हिस्सा दोन हातांवर, नववा हिस्सा तीन हातांवर. ओसरीवरच्या कंदिलाचा उजेड चुलीपर्यंत येईस्तोवर काय उरणार? त्यात चुलीजवळची भिंत धुरानं काळीकुट्ट. काळी भिंत आलेला उजेड जिरवून टाकते, पांढरी भिंत परत पाठवते. आपल्या आया दिवाळीला, पंचमीला भिंतींना पांढऱ्या मातीचा हात द्यायच्या. ते सणासाठीच असं आपण समजतो. एका आजींनी सांगितलं, की त्यांच्या सासूबाई चिमणीच्या मागची हातभर जागा दर आठवड्याला पांढरी करायच्या, सण असो नसो. विचारलं तर म्हणायच्या, भाकरीचा डाग दिसतो. आम्हाला वाटतं, अंधारात चूल सांभाळणाऱ्या बाईनं लावलेला हा शोध पुस्तकात यायला हवा होता.

कंदील पुसायचं काम मात्र घरातल्या लेकी-सुनांचं. दिवस मावळायच्या आत काच काढायची, चुलीतली चाळलेली राख कोरड्या चिंधीवर घेऊन फिरवायची, वात सरळ कातरायची, टाकीत रॉकेल भरायचं. पुसणारीला त्या उजेडात बसायला मिळेलच असं नाही. येलदरीला पूर्णेवर धरण झालं, पाण्यावर वीज तयार व्हायला लागली. ती आपल्याच जिल्ह्याच्या अंगणात. तरी कित्येक वाड्या-वस्त्यांवर तार पोहोचायला अजून वर्षं गेली, आणि तार आल्यावरही भारनियमनानं कंदील खुंटीवरून खाली उतरू दिला नाही. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं, मग पुढे गावात रात्रीचे वर्ग भरले. आमच्यातल्या तिघी तिथे सही करायला शिकल्या. त्यातली एक सांगते, "कंदिलाच्या जवळची जागा मिळावी म्हणून मी भाकरी लवकर थापून जायची. मागं बसलं की 'घ' आणि 'ध' एकसारखेच दिसायचे."

या महिन्याच्या बैठकीत आम्ही एक करून बघितलं. एकीच्या माहेराहून दुसरा कंदील आणला, काचेसकट. लाइट बंद केली. आधी काच तशीच, काळी ठेवली. मग थंड करून राखेनं पुसून परत लावली. वात दोन्ही वेळा सारखीच. सुईत दोरा ओवायचा आणि एक एक पाऊल मागे सरकायचं. काळ्या काचेला तीन हातांवर सगळ्याजणी थांबल्या. स्वच्छ काचेला चौघीजणी पाच हातांपर्यंत गेल्या. चाळिशीचे चष्मे लागलेल्या आम्ही दोघी तिथेही हरलो, ते सोडून द्या. पण तीन आणि पाच हात यांतला फरक वरच्या हिशेबानं धरला, तर काजळी निम्म्याहून जास्त उजेड खात होती. रॉकेल तेवढंच जळत होतं.

मधल्या आळीतल्या एका घरावर सौर पत्रा आहे, तिथली सून म्हणाली, आमचा दिवा उन्हाळ्यात लवकर विझतो. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं, तर वर कापसाच्या पऱ्हाट्या जाळल्याची राख आणि रस्त्याचा फुफाटा. तिथेही वर काच, खाली उजेड जिरवून वीज करणारा काळा थर. धुळीनं उजेड वरच अडवला तर खाली जिरणार काय? सकाळी पत्रा थंड असताना पाण्यानं धुवायचा, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

आता आजींची काच. तापलेली काच सगळीकडे सारखी फुगलेली असते. तिच्यावर ओलं फडकं लागलं, की तेवढीच जागा एकदम थंड होऊन आक्रसते. शेजारची जागा गरमच, ती आक्रसत नाही. लोखंडात उष्णता झटकन पसरते, म्हणून तवा टिकतो. काचेत ती हळू पसरते, आणि काच ताण सोसत नाही. मग तड जाते. पावसाचा एक थेंब पुरतो. दुसरंही एक कारण असतं. भट्टीतून निघालेली काच हळूहळू, तासन्‌तास निववावी लागते. घाईनं निवली तर ताण आत अडकून राहतो, आणि ती कधी तडकेल ते सांगता येत नाही. काचेच्या कारखान्यात फुंकण्याइतकंच निववण्याचं कसब लागतं. म्हणजे कदाचित ती काच मुळातच कच्ची असेल.

हे सगळं आम्ही आजींना समजावून सांगितलं. दोनदा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग बिनकाचेचा कंदील मांडीवर घेऊन, कोरड्या पदरानं त्याची टाकी पुसत म्हणाल्या, "कोरड्या चिंधीनं पुस, आणि निवल्यावर पुस, एवढं सासूबाईंनी आधी सांगितलं असतं तर झालं असतं. त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या हातूनही एक फुटली होती."